घर एकशे बारा, व्यक्ती तीन

खडकशेतात मूल जन्मले की पहिला निरोप मालनबाई शेवाळे यांच्याकडे जाई, आणि त्या येईपर्यंत बाळंतिणीच्या घरी न्हाणीचे पाणी चुलीवरून उतरत नसे. सदतीस वर्षे हा शिरस्ता होता. तान्ह्या मुलाला पायांवर घेऊन तेल चोळण्याचे आणि न्हाऊ घालण्याचे काम गावात आणखी दोघीतिघी करीत. परंतु मालनबाईंच्या पायांवर निजलेले मूल रडत नाही, अशी ख्याती होती. ती खरी असल्याचे कोणी विचारले तर त्या सांगत. न विचारले तरी सांगत.

वय सत्तरीच्या पुढे गेले होते, पण पाठ ताठ होती. आयुष्यात आपले पोट एकदाही बिघडले नाही, ही गोष्ट त्या वंशपरंपरेने आलेल्या दागिन्यासारखी बाळगीत. त्यांचा हट्टीपणा साऱ्या गावाला माहीत होता. मात्र पटलेली गोष्ट त्या दुप्पट हट्टाने पाळीत, हेही गाव जाणून होते. सून स्नेहल गावची आरोग्यसेविका झाली, तेव्हा तिने सहा महिन्यांच्या आतल्या मुलाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, गुटीसुद्धा नको, असे सांगितले. मालनबाईंनी आठ दिवस तिच्याशी अबोला धरला. नवव्या दिवशी सहाण उचलून माळ्यावर टाकली, आणि जणू ही कल्पना मुळात आपलीच होती अशा थाटात घरोघरच्या सहाणा बंद करविल्या.

अशा बाईंनी मागोवा यंत्राला विरोध केला नाही, याचे कोणाला नवल वाटले नाही.

यंत्र आले २०४१ सालच्या उन्हाळ्यात. जेवणाच्या चार पुडांच्या डब्याएवढे, दिसायला अगदी सामान्य. त्याचे काम मात्र सामान्य नव्हते. माणसाच्या आतड्यात अब्जावधी जंतू वस्ती करून असतात. बहुतेक निरुपद्रवी, कित्येक उपकारक. ही वस्ती प्रत्येक माणसाची वेगळी. जुलाबाचा जंतू जेव्हा एखाद्याच्या पोटात शिरून काही आठवडे मुक्काम करतो, तेव्हा तो तिथल्या शेजाऱ्यांकडून जनुकांचे बारीक तुकडे उचलतो. परगावी राहायला गेलेला माणूस जशी हळूहळू तिथली बोली बोलू लागतो, तसेच हे. पुढे तो जंतू दुसऱ्याच्या पोटात गेला, तरी काही दिवस जुनी बोली त्याच्या तोंडी राहते. मागोवा ही बोली ओळखीत असे. दरवर्षी चैत्रात गावातला प्रत्येक जण हरभऱ्याएवढा शौचाचा नमुना देई. त्यावरून त्याच्या पोटाची बोली नोंदली जाई. मूल आजारी पडले, की त्याचा नमुना यंत्रात ठेवायचा. दोन तासांनी पडद्यावर घराचा क्रमांक आणि त्या घरातल्या माणसाचा क्रमांक उमटे. जंतू त्या माणसाच्या पोटातून आलेला असे. तो माणूस स्वतः आजारी असेलच असे नाही. कित्येकांच्या पोटात असा जंतू महिनोन्महिने सुखाने नांदतो आणि त्यांना पत्ताही लागत नाही.

जंतू कोणाचा, हे यंत्र सांगे. तो कोणत्या वाटेने बाळाच्या तोंडापर्यंत गेला, हे त्याला सांगता येत नसे. ती वाट माणसांनी शोधायची होती.

इतर गावांत हा अहवाल गुपचूप त्या घरच्या फोनवर जाई. खडकशेतात तसे झाले नाही, आणि त्याला कारण मालनबाई. महिला आरोग्य समितीच्या अध्यक्ष म्हणून त्या ग्रामसभेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारले, "पोराच्या पोटात घाण गेली ती चालली, आणि नाव चारचौघांत घेतलं तर अब्रू जाते का?" ठराव झाला: दर शनिवारी पंचायतीच्या आवारात त्या आठवड्याची नावे मोठ्याने वाचायची.

पहिल्या वर्षी ठरावाने काम केले, हे नाकारता येणार नाही. पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाब निम्म्याहून कमी झाले. नळावर साबण दिसू लागला. चहावाल्या बबनरावांचे नाव वाचले गेले, तेव्हा महिनाभर गावाने त्यांच्या टपरीकडे पाठ फिरवली. मग त्यांनी टपरीला हात धुण्याची टाकी बसवली. नणंदा-भावजयांना एकमेकींना टोचायला नवे हत्यार मिळाले. एका विहिणीने लग्नाच्या बोलणीत मुलीच्या आईचा मागोवा मागितला, याची चर्चा आठवडाभर पुरली.

डांग्यांच्या घरात मात्र हसण्यासारखे काही घडले नाही. थोरली सून छाया हिचा क्रमांक चुलत पुतणीच्या आजारात निघाला. दहा दिवसांच्या गोळ्यांनी तिचे पोट निर्मळ झाले, यंत्राने तसे दाखवलेही. पण तिच्या हातची भाकरी ताटात कोणी घेईना. दिवाळीआधी ती मुलांना घेऊन माहेरी गेली, नवरा पाठोपाठ गेला आणि घर दुभंगले. त्या वेळी मालनबाईंनी एवढेच म्हटले होते, की गोळ्या घेतल्यावर विषय संपला, तिला कोणी हाकलले नव्हते.

तिसऱ्या वर्षीच्या श्रावणात एका शुक्रवारी सायंकाळी मालनबाई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. स्नेहल बाहेरून आली, पिशवी न उतरवताच समोर बसली. पाच आठवड्यांत पाच तान्ही मुले आजारी पडली होती, सगळी वर्षाच्या आतली. पाच घरे गावाच्या पाच टोकांना. पाण्याची लाइन वेगळी, दूध घालणारा वेगळा. यंत्राला निवाडा करायला पुरेसा जंतू मिळत नव्हता, म्हणून अहवाल अडले होते. पाचव्या मुलाच्या नमुन्यात तो पुरेसा सापडला आणि आज सगळे अहवाल एकदम आले.

"आत्याबाई, पाचही अहवालांत एकच नंबर आहे."

"कोणाचा?"

"एकशे बारा. व्यक्ती तीन."

एकशे बारा हा आकडा त्यांच्याच दाराच्या चौकटीवर रंगवलेला होता. नोंदणीत कुटुंबप्रमुख म्हणून आधी मुलाचे नाव, त्याखाली सुनेचे आणि मग आईचे. हा क्रम मालनबाईंना कधीच पसंत नव्हता. त्यांनी हातातली जुडी संपवली, देठ सुपात टाकले आणि यंत्र बिघडल्याचे जाहीर केले.

स्नेहलने सांगितले, की तीन वेळा तपासले आहे. त्यांनी विचारले, की मग त्या आजारी का नाहीत? असा प्रश्न गावातल्या दुसऱ्या कोणी विचारला असता, तर त्यांनी स्वतःच उत्तर दिले असते. कितीतरी बायकांना त्यांनीच ते समजावले होते. स्नेहलचे गप्प बसणे मालनबाईंना झोंबले.

"माझे हात तपास," त्या म्हणाल्या.

त्या मागच्या नळाशी गेल्या. कोपरापर्यंत साबण लावला, नखे तळव्यावर घासली, बोटांच्या बेचक्या घासल्या आणि मनात चाळीसपर्यंत आकडे मोजले. हे चाळीस आकडे त्या प्रत्येक मुलाला हात लावण्याआधी मोजत आल्या होत्या. मग पाणी निथळणारे दोन्ही हात त्यांनी सुनेपुढे धरले. स्नेहलने तळव्यांवरून, बोटांवरून, नखांखालून कापसाचे बोळे फिरवले. दोन तासांनी यंत्राने हात स्वच्छ असल्याचे दाखवले.

"बघ," मालनबाई म्हणाल्या.

"हात स्वच्छ आहेत, आत्याबाई. मी कुठं नाही म्हणतेय? पण जंतू तुमच्याच पोटातला आहे. कुठून तरी जातोय."

पिशवीतून गोळ्यांचे पाकीट काढून तिने ओट्यावर ठेवले. दहा दिवस, रोज दोन. तोवर मुलांना हात लावायचा नाही. नियमाप्रमाणे वाट शोधण्यासाठी सात दिवसांची मुदत मिळत असे, म्हणून उद्या शनिवारी नाव वाचावे लागणार नव्हते. हे शेवटचे वाक्य तिने खाली बघत सांगितले. मालनबाईंनी होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. न्हाऊ घालायला गेले नाही, तर गावाला काय कारण सांगायचे, एवढेच विचारले. आजारी आहे असे सांगा, असे स्नेहल म्हणाली.

त्यांनी पाकीट उचलून मिसळणाच्या डब्यामागे ठेवले. सत्तर वर्षांत 'मी आजारी आहे' असे त्यांच्या तोंडातून कधी निघाले नव्हते, ते आता निघणे शक्य नव्हते.

शनिवारी वाचन झाले नाही. रविवारी सकाळी त्या तेलाची बाटली घेऊन निघाल्या. दारात उभ्या असलेल्या सुनेने विचारले, "जाताय?"

"पाणी तापलं असेल," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

त्यांच्याच पायांवर न्हाणारी ती पाचही मुले आजारी असल्याने श्रावणात त्यांच्याकडे एकच मूल उरले होते: डांग्यांच्या धाकट्या सुनेचा, रेवतीचा मुलगा ईशान, साडेचार महिन्यांचा. रेवतीचा नवरा शीतगृहात कामाला, सासूही तिथेच. दिवसभर घरात ती आणि मूल. रविवारी आणि सोमवारी मालनबाईंनी ईशानला न्हाऊ घातले. त्या दोन दिवशी त्यांनी चाळीसऐवजी ऐंशी आकडे मोजले. मूल पायांवर हसत होते. हात स्वच्छ आहेत, यंत्रानेच सांगितले आहे, हे त्या स्वतःला बजावत राहिल्या. परंतु दुसऱ्यांदा बजावावे लागते त्या गोष्टीवर आपला पुरता विश्वास नाही, हे न कळण्याइतक्या त्या अजाण नव्हत्या.

मंगळवारी रेवतीचा निरोप आला, बाळाला सर्दी झाली आहे, आज अंघोळ नको. बुधवारी पुन्हा तोच निरोप. गुरुवारी मालनबाई न बोलावता गेल्या. सदतीस वर्षांत त्यांना लागोपाठ दोन दिवस कोणी थांबवले नव्हते.

दार आतून लावलेले होते. रेवतीने ते उघडायला वेळ लावला. खोलीत ओल्या दुपट्यांचा वास होता आणि दोरीवर इतकी दुपटी वाळत होती, की सर्दीची गोष्ट उंबऱ्यावरच खोटी ठरली. ईशान चटईवर पडला होता. रडत नव्हता. मालनबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. टाळू खोल गेली होती. डोळे खोल होते. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली आणि फार सावकाश खाली बसली.

लघवी कधी झाली, असे त्यांनी विचारले. रेवतीला आठवेना. मंगळवारपासून जुलाब होत होते. दूध पाजले की लगेच होत होते, म्हणून तिने कालपासून दूध कमी केले होते. मालनबाईंनी तिला तिथेच बसवून मूल छातीशी लावायला सांगितले. ईशानने तोंड लावले, पण ओढायचे बळ त्याच्यात नव्हते. त्यांनी स्नेहलला फोन करून पंचायतीची गाडी दारात आणायला सांगितली.

रेवतीने त्यांचा हात धरला. तिचा आवाज खाली गेला होता, जणू भिंतींनाही ऐकू जाऊ नये.

"काकू, दवाखान्यात नेऊ या, पण नमुना देऊ नका. स्नेहलताईंना सांगा ना. घरात दिवसभर मीच असते. माझंच नाव येईल. छायावहिनींचं काय झालं ते तुम्ही बघितलंय."

"तुझं नाव येणार नाही."

"कशावरून?"

"माझं येईल, म्हणून. मला शुक्रवारपासून ठाऊक आहे. चल, ऊठ."

रेवती त्यांच्याकडे बघत राहिली. मालनबाईंनी मुलाला घेण्यासाठी हात पुढे केले होते. तिने मूल त्यांच्यापासून दुसऱ्या खांद्यावर घेतले आणि दाराकडे गेली.

तालुक्याचे रुग्णालय चौदा किलोमीटरवर. गाडीत मागे रेवती मुलाला घेऊन बसली, तिच्या शेजारी स्नेहल. स्नेहलने जलसंजीवनीचे पाकीट उकळलेल्या पाण्यात कालवून आणले होते. ती चमच्याने थेंब थेंब मुलाच्या तोंडात सोडत होती. मालनबाई पुढे बसल्या. मागच्या आसनावर त्यांना जागा होती, पण कोणी सरकले नाही आणि त्यांनीही सरकायला सांगितले नाही. मुलाने थुंकले का, गिळले का, हे त्या मागे न वळता चमच्याच्या आवाजावरून ओळखत होत्या.

रुग्णालयात हाताची शीर सापडेना. शेवटी डॉक्टरांनी डोक्याची शीर धरून सलाईन लावले. आत आईलाच थांबू दिले. बाहेर परिचारिकेने त्या दोघींना हात धुऊन यायला सांगितले. भिंतीलगत नळ होता, शेजारी साबण होता. कागदी रुमालांचा डबा रिकामा होता. मालनबाईंनी नळ सोडला. साबण, नखे, बेचक्या, चाळीस आकडे. नळ कोपराने बंद केला. त्यानंतर, आयुष्यभर जसे केले तसेच, मनात काहीही न येता, त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळून कोरडे केले.

"आत्याबाई," स्नेहल म्हणाली, "थांबा. शुक्रवारी मी बोळा फिरवला तो ओल्या हातांवर."

मालनबाई थांबल्या. पदर हातात तसाच होता.

पुढचे प्रश्न स्नेहलने विचारले आणि त्यांनी उत्तरे दिली. एखाद्या बाळंतिणीची माहिती विचारावी इतक्या कोरडेपणाने ती सारी विचारपूस झाली. पहाटे पाचला अंघोळ, धुतलेली साडी. मग चहा. चहानंतर पुन्हा एकदा शौचाला जाण्याची त्यांची सवय. जाताना पदर कमरेला खोचायचा. उठल्यावर आधी तो सोडून डोक्यावर घ्यायचा, कारण उघड्या डोक्याने आणि खोचलेल्या पदराने न्हाणीघरातून बाहेर यायचे नाही, ही सासूने लावलेली शिस्त. नळ बाहेर मागच्या अंगणात. म्हणजे पदराला हात लागत होता तो साबणाच्या आधी; आणि साबणाच्या नंतर धुतलेला हात पुसला जात होता त्याच पदराला.

"आणि बाळाला न्हाऊ घातल्यावर?" स्नेहलने विचारले.

न्हाऊ घातल्यावर मूल दुपट्यात गुंडाळायचे. नाकातोंडात पाणी राहू नये, म्हणून त्याचे ओठ, नाक, डोळ्यांच्या कडा पदराच्या टोकाने अलगद टिपायच्या. दुपटे खरखरीत असते, पदर धुऊन धुऊन मऊ झालेला असतो. त्यांच्याकडे मूल रडत नसे, त्याचे एक कारण हेही होते.

हे सांगताना मालनबाईंचा आवाज बदलला नाही. त्यांनी पदराचे टोक सुनेपुढे धरले. स्नेहलने त्यावरून बोळा फिरवला, ईशानच्या दुपट्यावरचा नमुना घेतला आणि गाडीतून आणलेले यंत्र बाकड्यावर ठेवून सुरू केले. त्या दोन तासांत त्या एकदाच उठल्या, सलाईनची बाटली किती उरली ते दाराच्या काचेतून बघायला. रेवतीने आतून त्यांना पाहिले आणि नजर वळवली.

पडद्यावर दोन्हींसाठी तोच जंतू, तीच बोली आणि तोच क्रमांक उमटला. त्यानंतर थोड्या वेळाने परिचारिका बाहेर आली आणि मुलाला लघवी झाल्याचे सांगून गेली. मालनबाईंनी मान हलवली, पिशवीतून गोळ्यांचे पाकीट काढले आणि नळाच्या पाण्याबरोबर पहिली गोळी गिळली. पाकीट त्यांनी घरून निघताना का घेतले होते, हे स्नेहलने विचारले नाही.

परतीच्या वाटेवर स्नेहलने एक गोष्ट सुचवली. वाट सापडली आहे, औषध चालू झाले आहे, मूल वाचले आहे. अहवालात 'स्रोत अनिश्चित' असे लिहिण्याची सोय आहे. नाव कोणी विचारणार नाही.

"रेवती विचारील," मालनबाई म्हणाल्या. "तिनं तीन दिवस पोर लपवलं, ते कोणाला भिऊन? त्या यंत्राला नव्हे. मला भिऊन. गावात अशी आणखी किती दारं आतून लावलेली असतील, ते तुझं यंत्र सांगतं का?"

स्नेहलला याचे उत्तर ठाऊक होते. यंदा जुलाबाचे रुग्ण कमी झाल्याबद्दल जिल्ह्याहून अभिनंदनाचे पत्र आले होते. नमुन्यांच्या डब्या मात्र निम्म्याहून अधिक न वापरता पडून होत्या.

शनिवारी पंचायतीच्या आवारात नेहमीपेक्षा जास्त माणसे जमली. डांग्यांचे मूल सलाईनवर आहे, हे गावभर झाले होते, आणि कोणाचे नाव निघते याची उत्सुकता होती. बहुतेकांच्या नजरा रेवतीच्या सासूवर होत्या. स्नेहलने कागद हातात घेतला, तेव्हा मालनबाई उठल्या, तो तिच्या हातातून घेतला आणि चष्मा चढवला. त्यांनी सहा मुलांची नावे वाचली, आईबापांसह. मग म्हणाल्या, "सहाही वेळा घर एकशे बारा, व्यक्ती तीन. मालन शेवाळे. म्हणजे मी."

त्यांनी कागद दुमडला आणि कागदावर नसलेले सांगायला सुरुवात केली. नाव कळले मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. गोळ्या मिळाल्या त्याच दिवशी, घेतल्या गुरुवारी. मधल्या दोन दिवशी डांग्यांच्या मुलाला हात लावला, मना केलेले असतानाही. ते मूल आज दूध पिते आहे, पण ते डॉक्टरांमुळे. मग पदराची हकीकत सांगितली. पहाटेचा चहा, न्हाणीघर, कमरेला खोचलेला पदर, सारे काही, ज्या गोष्टी बायका एकमेकींनाही सांगत नाहीत त्यांसह. सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, इथे किती जणी धुतलेले हात पदराला किंवा ओढणीला पुसतात? हात कोणी वर केला नाही. मात्र आवारभर बसलेल्या बायकांच्या मुठींतून पदरांची टोके हळूच सुटली.

शेवटी त्यांनी ठराव मांडला. आजपासून नाव वाचायचे नाही. वाट वाचायची. कोणाच्या घरात हे विचारायचे नाही. जंतू कशावरून गेला, एवढेच सर्वांना सांगायचे.

बबनराव मागून उठले. ते काय बोलणार, हे मालनबाईंना ते उठण्याआधीच कळले होते.

"काकू, माझं नाव वाचलंत तेव्हा मी पाया पडून सांगितलं होतं, धंदा बसेल. तेव्हा तुम्ही म्हणालात, नियम म्हणजे नियम. आता स्वतःचं आलं, तर नियम बदलायचा?"

"म्हणून आधी नाव वाचलं, बबन, आणि मग ठराव मांडला. आधी ठराव मांडला असता, तर तू म्हणतोस ते खरं झालं असतं. तुझं मी वाईट केलं. उद्या सकाळी तुझ्या टपरीवर चहाला येणार आहे. द्यायचा की नाही, तू ठरव."

"देतो," बबनराव म्हणाले, "पण कप तुम्हीच विसळायचा." कोणीतरी हसले, आणि ते हसू फार लांब गेले नाही. सरपंचांनी ठरावावर हात वर करायला सांगितले. पुरेसे हात वर झाले. रेवतीच्या सासूने हात वर केला नाही; त्या उठून मालनबाईंच्या समोरून, त्यांच्याकडे न बघता घरी निघून गेल्या. पुन्हा कोणी त्यांना न्हाऊ घालायला बोलावील की नाही, याचे उत्तर मालनबाईंना त्या पाठमोऱ्या चालण्यातच मिळाले. त्या खुर्चीवर बसल्या.

माणसे उठू लागली होती. तेवढ्यात भिंतीशी बसलेली वैजयंता नावाची भाजी विकणारी बाई उभी राहिली. तिने डोक्यावरची टोपली खाली ठेवली होती, ती पुन्हा उचलली आणि पुन्हा ठेवली.

"स्नेहलताई," ती म्हणाली, "माझ्या धाकटीला सोमवारपासून होतंय."

उठणारी माणसे थबकली. वैजयंताकडे न बघता तिच्या शेजारची म्हणाली, की तिच्या नातवालाही होते आहे, चार दिवस झाले. मग पिंपळाखालून एक आवाज आला. मग एक तरुण बाप बोलला. त्याच्या बायकोने त्याचा सदरा मागून ओढला, पण तो बोलून गेला होता. अशी सात मुले निघाली. सातांपैकी एकाचेही नाव स्नेहलच्या वहीत नव्हते. तिने पिशवी उघडली, जलसंजीवनीची पाकिटे काढली आणि नमुन्यांच्या डब्या मोजू लागली. कोणत्या मुलाला आज लघवी झालेली नाही, हे आधी सांगा, असे मालनबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा होता. वैजयंताने हात वर केला. तिच्या मुलीला आधी गाडीने तालुक्याला न्यायचे ठरले.

"डबीला हात लावायच्या आधी सगळ्यांनी नळावर जा," मालनबाई म्हणाल्या. "साबण लावा, चाळीस मोजा. आणि पुसायचं नाही. वाऱ्यावर वाळवायचे."

सातही जण नळापाशी रांगेने गेले, तो तरुण बापही त्यांत होता. हात धुऊन झाल्यावर पुढे काय करायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आवाराच्या मधोमध ती माणसे ओले हात पुढे धरून, बोटे फाकवून, एकमेकांकडे न बघता उभी राहिली, आणि हात वाळेपर्यंत गाव त्यांच्यासाठी थांबले.